चौथ्या प्रकरणातली वऱ्हाडं

हट्टी मावशीस,

आणि पेन्सिलनं का लिहिलंस? एवढंच सांग मला. शाईनं लिहिलं असतंस तर आज काका माझ्याशी असं बोलले नसते. ते म्हणतात, पेन्सिलचं लिहिणं म्हणजे कच्चं, माणूस नुसता विचार करत असतो. मी म्हटलं, काका, ती वाण्याची यादीसुद्धा पेन्सिलनं लिहायची. तर म्हणाले, "निलेश, तू ह्यात पडू नकोस." निलेश म्हणाले म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे तुला माहीतच आहे.

तू गेलीस त्याला चार महिने झाले. चार महिने मी तुला काही लिहिलं नाही, कारण लिहायचं काय? पण आठ दिवसांपूर्वी मंजिरीनं मला फोनवर बारा फोटो पाठवले. तुझ्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणाची छापील पानं, कडेला तुझं पेन्सिलचं अक्षर. खाली लिहिलं होतं, "दादा, मॅडमचं हँडरायटिंग मला समजत नाहीये, काकांनाही नाही. तू वाचू शकतोस का, प्लीज?" मी ती वाचली. आता सोमवारी ही पानं प्रेसला परत जायची आहेत, तशीच किंवा बदलून, आणि त्यावरून घरात भांडण पेटलंय. म्हणून आज लिहितोय. ज्या माणसामुळे भांडण झालं त्याला निदान कळवावं तरी!

तुझं अक्षर मला येणार नाही तर कुणाला? दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या त्या क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलावर, किती वर्षं आपण ताळा केला. तू दिवसभर जुन्या कागदांच्या दप्तरखान्यात बसून नोंदी उतरवून आणायचीस. तिथे पेन आत नेऊ देत नाहीत, कागद खराब होतील म्हणून. त्यामुळे सगळं पेन्सिलनं. संध्याकाळी मी मोठ्यानं वाचायचो, "मीठ, अमुक पोती, लोकर, तमुक गठ्ठे," आणि तू बरोबरच्या खुणा करत जायचीस. शाळेच्या पुस्तकाचं एक पान मला धड वाचता यायचं नाही. पण शंभर वर्षांपूर्वी सरहद्दीवरच्या काली नदीच्या पुलावरून कुणाच्या किती बकऱ्या गेल्या हे मी घडाघडा वाचायचो!

आईनं मला अकराव्या वर्षी सिन्नरहून तुझ्याकडे पाठवलं. तिला वाटलं, प्राध्यापकाच्या घरात पोर ठेवलं की ते आपोआप शिकेल, विरजणाच्या भांड्यात दूध ओतल्यासारखं. मी काही विरजलो नाही. नववीला दोनदा बसलो, मग बसायचंच सोडलं. तू ओरडायचीस, "निल्या, तुझ्या पायाला भिंगरी बांधून पाठवलंय का रे ताईनं?" पण हाकललं नाहीस. कुरिअरची बॅग घेतली तेव्हा हाकललं नाहीस, टॅक्सी चालवायला लागलो तेव्हाही नाही. एकदाच म्हणालीस, "जिथे जाशील तिथे डोळे उघडे ठेव. मी आयुष्यभर सरहद्दीवर लिहिलं आणि बसून राहिले दिल्लीत."

ते खरंच होतं की! सीमेवरचा व्यापार, सीमेवरचं राजकारण, त्यावर तुझी पुस्तकं, तुझे शोधनिबंध, परदेशात भाषणं. आणि ह्या नदीच्या काठी तू मुक्काम किती केलास? दोन खेपा मिळून एकोणीस दिवस. मी मोजलेत, कारण दुसऱ्या खेपेला मी बरोबर होतो. तुझे गुडघे दुखायला लागले आणि तू परत गेलीस. मला मात्र हा डोंगर आवडला. तीन वर्षांनी इथे पिकअपवर ड्रायव्हर लागलो तो लागलोच. तुला राग आला होता का गं तेव्हा? की थोडा हेवा वाटला होता? काका म्हणतात, तू शेजाऱ्यांना सांगायचीस, "आमचा निल्या फील्डवर आहे." मी फील्डवर नव्हतो, मावशी. मी तांदूळ आणि सिमेंट वाहत होतो.

गेल्या दिवाळीचं बोलायलाच हवं. न बोलता पुढं जाता येत नाही मला.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी नोएडाच्या घरी मंजिरी जेवायला आली होती. तुझी जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः कॉलेजात शिकवते आणि तुझ्या पुस्तकाचं शेवटचं काम बघते. तू खुशीत होतीस. प्रकरण चार पुरं झालं होतं, ज्या मांडणीवर तुझं नाव झालं तिचंच. तू मला तक्ता दाखवलास. शंभर वर्षांपूर्वी नदीच्या दोन बाजूंच्या दोन सरकारांचं बिनसलं आणि पुलावरून माल न्यायला बंदी आली. दोन वर्षं. फक्त लग्नाच्या वऱ्हाडाला आणि मयतीला जाऊ द्यायचे. तक्त्यात डाव्या बाजूला मीठ, लोकर, गूळ, धान्य, सगळीकडे शून्य. उजवीकडे वऱ्हाडं. ती मात्र वाढत गेलेली, बंदीआधीच्या कितीतरी पट.

मग चष्मा वर करून तू तुझं ते लाडकं वाक्य मराठीत करून सांगितलंस. "व्यापार तुटला, तेव्हा ह्या माणसांनी सोयरिकी जोडून नदी बांधून ठेवली." तीस वर्षं तू हे सांगत आलीस. मंजिरी म्हणाली, "मॅडम, हे ऐकून मला अजूनही काटा येतो."

आणि मी हसलो.

तोंडात शिरा होता. ठसका लागला. तू पाणी पुढे केलंस आणि विचारलंस, "काय झालं?"

"मावशी, ही लग्नं कुठल्या महिन्यांत आहेत गं?"

"बहुतेक जुलै ते ऑक्टोबर. का?"

"अगं, चातुर्मासात लग्नं? इथे बघ, सप्टेंबरच्या शेवटी एवढी वऱ्हाडं. हा तर पितृपक्ष असणार! भुतांची लग्नं लावत होते का?"

मंजिरीनं विचारलं, "चातुर्मास म्हणजे मान्सूनच ना?" काकांनी तिला समजावलं, की ह्या चार महिन्यांत लग्नं लावत नाहीत, पहाडातही नाहीत, आणि पितृपक्षात तर कुणी नवा रुमालसुद्धा घेत नाही. समजावता समजावता काकाच हसायला लागले. "वसू, पोरगं खरं बोलतंय गं!"

"ते वऱ्हाड नव्हतं मावशी, माल होता," मी म्हटलं. "आजही लोक गाडीच्या काचेवर 'शुभ विवाह' चिकटवतात, बॉनेटला झेंडूची माळ टाकतात, आणि चेकिंगला कुणी ताडपत्री उचलून बघत नाही. मीच दोनदा केलंय."

तुझ्या घरात तिथी लिहिलेलं कॅलेंडर कधी लागलं नाही. तू त्याचा अभिमान बाळगायचीस. पुलावरच्या वहीतल्या पहाडी तारखा तू एकेक करून इंग्रजी तारखांत बदलल्यास, किती कष्टानं, मला माहीत आहे, मीच वाचून दाखवत होतो! तिथेच सावन आणि भादो गळून गेले. जुलै राहिला आणि ऑगस्ट राहिला. तेव्हा मीही काही बोललो नव्हतो. बारा वर्षांच्या पोराला लग्नाच्या मुहूर्तातलं काय कळणार?

हे सगळं मी चांगल्या शब्दांत सांगू शकलो असतो. तू आत स्वयंपाकघरात गेल्यावर मागून येऊन सांगू शकलो असतो. तुझा चेहरा लाल झाला होता. तू म्हणालीस, "नववीला दोनदा बसलेल्या माणसानं मला पंचांग शिकवू नये."

आणि मी म्हणालो, "पंचांग नाही मावशी, अक्कल लागते."

कुठून आलं ते तोंडात? मला अजून कळत नाही. काका हसायचे थांबले. तू उठून सगळ्यांना दहीभात वाढलास, मलाही वाढलास, माझ्याकडे न बघता. सकाळी मी आनंद विहारहून बस पकडली. तू दार लावायला आलीस, डबा हातात दिलास, आणि "पोचलास की कळव" म्हणाली नाहीस. मी कळवलंही नाही.

एक सांगतो, रागावू नकोस. संक्रांतीच्या दिवशी तुझा एक मिस्ड कॉल आला होता. मी वरच्या गावात होतो, तिथे रेंज नसते. खाली आल्यावर बघितला. वाटलं, तिळगूळ घ्या, गोड बोला, म्हणजे मीच आधी माफी मागावी असं तुझ्या मनात असणार. म्हटलं, उद्या करू. मग वाटलं, पुन्हा करेल की ती. तुझंही बरोबरच होतं म्हणा, प्रोफेसर माणूस कशाला दोनदा फोन करेल! फेब्रुवारीत काकांचा आला. दवाखान्यात तीन दिवस. मी निघालो तेव्हा वर बर्फ आणि खाली पाऊस, रस्ता दोन दिवस बंद. मी नोएडाला पोचलो तेव्हा तुझी चप्पल दाराशी होती आणि बाकी सगळं आटोपलं होतं.

तर आता ते फोटो.

पहिल्या पानावर तू तो तक्ता खोडला आहेस. रागानं गिरगटलेला नाही, पट्टी लावून, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ रेघ. आणि बाजूला तुझ्या त्या मुंग्यांसारख्या मराठीत, "महिने पुन्हा लावले. निम्म्याहून जास्त वऱ्हाडं चौमासात." खाली, "निल्याला विचार: वऱ्हाड परत येताना किती माणसं?"

पुढच्या पानावर, "निल्याला विचार: डोलीत किती वजन बसतं? चार भोई की दोन?"

पुढे, "निल्याला विचार: पुलावरचा कारकून ह्यात सामील असल्याशिवाय हे चालेल का?"

बारा पानांत सतरा ठिकाणी, मावशी! निल्याला विचार, निल्याला विचार. मी चहाच्या टपरीवर उभा होतो. शेवटच्या पानाच्या कडेला लिहिलं होतं, "वाजंत्र्यांची नोंद कुठेच नाही. वाजंत्र्यांशिवाय वरात? निल्या बरोबर."

मी तो फोटो मोठा करून बघितला. मग लहान केला. मग चहाचे पैसे दोनदा दिले, आणि टपरीवाल्यानं एका वेळचे परत केले.

विचारायचं होतं ना? मग विचारलं का नाहीस? एका मिस्ड कॉलवर थांबलीस? तुझ्या विद्यार्थ्यांना तू एका कागदासाठी चार-चार वेळा दप्तरखान्यात पिटाळायचीस, "पुन्हा जा, कागद तिथेच आहे, तू नीट मागितला नाहीस!" आणि मला मात्र एकदाच मागितलंस? बरं, मी तरी कुठे केला फोन. दोघं एकाच हट्टाच्या घराण्यातले.

रविवारी गाडीला सुट्टी होती. मी नदीच्या वरच्या अंगाला एका गावात गेलो. तिथे एक आमा आहे, आमा म्हणजे आजी, ऐंशीच्या पुढची. त्यांच्या घरचा व्यापार चार पिढ्यांचा, असं सगळे सांगतात. अंगणात राजमा सोलत बसली होती. मी बसलो आणि मीही सोलायला घेतला. तू शिकवलं होतंस, वही बाहेर काढायची नाही, आधी हाताला काम घ्यायचं.

म्हटलं, "आमा, पुराने ज़माने में जब पुल बंद हुआ था, तब बारातें बहुत जाती थीं क्या?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. एवढी हसली की आतून सून बाहेर आली.

"कौन पूछ रहा है?"

"मेरी मौसी। किताब लिख रही है।"

"तो खुद क्यों नहीं आई?"

"दिल्ली में है। घुटने दुखते हैं।"

असंच म्हणालो मी. दुसरं काही म्हणवेना.

आमा म्हणाली, "लिख ले फिर। मेरी नानी, हरुली नाम था। उसकी सात बार बारात गई।"

"सात बार शादी?"

"अरे बुद्धू, दुल्हन एक, चुनरी सात! जाते हुए गुड़ पर बैठती थी, आते हुए नमक पर। घाघरा ऊपर से फैला दिया, बस। रोती ऐसा थी कि पुल वाले बाबू की भी आँख भर आती थी।"

मावशी, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे घे. परत येताना किती माणसं? जेवढी गेली तेवढीच. नवरीसकट!

डोलीला चार भोई. आमा म्हणते, दोन नावाला आणि दोन कामाला, कारण नवरीपेक्षा मीठ जड. वाजंत्री का नाहीत? ढोल वाजवणाऱ्याला वाटा द्यावा लागला असता. आणि कारकून? त्याच्या घरी मीठ कधी विकत आणलं गेलं नाही, एवढंच म्हणाली आणि पुन्हा हसली. तू विचारलंयस ते सगळं विचारलं मी. सतरातले अकरा सुटले. बाकीच्यासाठी पलीकडच्या काठावर जावं लागेल.

पण एक प्रश्न तू लिहिला नव्हतास, तो मी आपल्या मनानं विचारला. "आमा, नवरदेव कोण असायचा?"

"गाँव का एक लड़का। सेहरा उसी के पास था, तो सातों बार वही।"

"तो नानी की असली शादी उसी से हुई?"

"उससे? ना! वो तो घोड़ी पर सोता रहता था। शादी हुई मेरे नाना से। नाना उस पार के थे, डोली उठाते थे, आगे दाहिने। सात बार नानी को ढोया, तो आठवीं बार बोले, अब नमक नहीं ढोऊँगा, तुझे ले जाऊँगा।" शेंगा तशाच हातात राहिल्या होत्या तिच्या. "चौमासे के बाद, मंगसीर में लगन निकला। ढोल भी बजा। पुल पर बाबू ने रोका, 'हरुली, फिर? इस बार क्या ले जा रही है?' नानी बोली, 'इस बार कुछ नहीं, बाबू। इस बार मैं जा रही हूँ।' और बाबू ने कलम रख दी। उस दिन कुछ लिखा ही नहीं।"

सून म्हणाली, ही गोष्ट आमा प्रत्येक लग्नात सांगते. गावात सगळ्यांना पाठ आहे.

सगळ्यांना पाठ आहे, मावशी! तुझ्या मुक्कामापासून अडीच तास वर. आणि तुझ्या वहीत जी खोटी लग्नं होती ती सगळी लिहिलेली, आणि जे एक खरं झालं त्याची नोंदच नाही. मी उतरताना तुला फोन लावायला खिशात हात घातला. खरंच घातला. नाव आणलं, आणि मग पुलाच्या कठड्याला टेकून बराच वेळ उभा राहिलो.

हे मी काकांना फोनवर सांगितलं. वाटलं, हसतील. पण ते म्हणाले, "गेलेल्या माणसाच्या चुका काढायच्या नसतात, निलेश."

"काका, ती स्वतः काढून गेलीय."

"तीस वर्षं तिनं हे मांडलं. लोक म्हणतील, पायाच चुकला होता. ती उत्तर द्यायला आहे का? मी बिल्कुल होऊ देणार नाही."

त्यांचाही राग येत नाही गं. रोज सकाळी तुझ्या टेबलावरची धूळ पुसतात आणि कागद जसेच्या तसे ठेवतात, पेन्सिलसुद्धा त्याच कोनात. त्यांना वाटतं, एक ओळ हलली की तू थोडी आणखी जाशील. मी म्हटलं, "काका, तिनं पट्टी लावून रेघ मारलीय. दप्तरखान्यात बसून जी बाई आयुष्यभर पेन्सिलनंच लिहीत आली, तिची पेन्सिल कच्ची कशी? तुमच्याकडे तिचं शाईतलं काय आहे, दाखवा बरं." ते तिकडून म्हणाले, "लग्नाच्या रजिस्टरातली सही."

मग मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली, जी तुलाही सांगायची आहे. तुझं वाक्य पुरतं चुकलं नव्हतं. मी हसलो तेव्हा मला वाटलं होतं, सगळं नाटक, सगळा माल. पण त्या नाटकात एका माणसानं एका पोरीला सात वेळा खांद्यावर नेलं, आणि त्यातून आमाचं अख्खं घर उभं राहिलं. सोयरिकीनं नदी बांधली, हे खरंच निघालं. फक्त वहीवरून तुला ते दिसलं ते उलट्या बाजूनं दिसलं. तक्ता जाऊ दे. वाक्य राहू दे, आणि त्याच्या शेजारी हरुली येऊ दे. मंजिरी फोनवर होतीच. ती म्हणाली, "काका, यार, हे आधीपेक्षा किती चांगलं आहे! मॅडमना हे आवडलं असतं." काका म्हणाले, "तिला आवडलं असतं, पण आधी तिनं निल्याला चार शिव्या घातल्या असत्या." निल्या म्हणाले! तेव्हा मला कळलं की जमलं.

तरी त्यांनी शेवटचं एक अडवून बघितलंच. पुस्तकाची पानं लागून तयार आहेत, आता प्रकरण बदलायचं तर प्रेस वेगळे पैसे मागतंय, आणि वसूला उधळपट्टी आवडत नव्हती. मी म्हटलं, ते पैसे मी देणार. तर म्हणाले, माझी पेन्शन काय करायची? तू कोण देणारा?

मी म्हटलं, मी कोण? अहो, भर जेवणात हसला तो मी. हसायला अक्कल लागत नाही काका, हे मला त्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं. चूक तिनं दुरुस्त केली. हसलो त्याचं काय? ते कुठल्या पानावर खोडू? निदान हे तरी मला करू द्या. ते म्हणाले, "ठीक आहे, पाठव," एवढंच.

मंजिरी म्हणते, "प्रस्तावनेत तुझे आभार मानू का, दादा?" नको म्हटलं. नववी नापास माणूस पुस्तकात शिरला तर तुझे ते जाड चष्म्याचे परीक्षक घाबरतील. नाव घालायचंच तर हरुलीचं घाल. वहीत नुसतं "दुल्हन, एक" असं सात वेळा लिहिलंय.

तर मावशी, शब्द देतो. उरलेल्या सहा प्रश्नांसाठी मी पुढच्या महिन्यात पलीकडच्या काठावर जाणार आहे, पुलावरून, सकाळी, ओळखपत्र दाखवून आणि गाडीला काहीही न चिकटवता. त्याआधी ह्या शनिवारी रात्रीच्या बसनं नोएडाला येतोय. मंजिरी टाईप करील आणि मी तुझी पेन्सिल मोठ्यानं वाचीन, एकेक ओळ, ताळा करत, रविवारी दिवस मावळेपर्यंत. काकांना सांगितलंय, तुझी खुर्ची रिकामी ठेवणार नाही, मी त्याच खुर्चीत बसणार. त्यांनी हो म्हटलंय. आणि माझ्या तोंडून "अक्कल" हा शब्द मोठ्या माणसासमोर पुन्हा निघाला, तर काकांनी मला दहीभात वाढू नये.

प्रेसनं बदलांचे जेवढे सांगितले तेवढे आत्ता काकांच्या खात्यावर टाकतोय. नऊ हजार सहाशे रुपये.

तुझा,
निल्या